संडे स्कूलच्या छोट्यांसोबत ‘विश्वास हातानं करायचा’ : मिरजेतल्या प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

मिरजेतल्या आमच्या चर्चमधे मी बिगिनर्स आणि प्रायमरीचा वर्ग घेते, म्हणजे चार ते आठ वर्षांची वीस-बावीस मुलं, आणि माझ्या सोबतीला एक मोठ्या टीचर आहेत ज्यांना सगळे आक्का म्हणतात. आमच्या मुलांना बायबलमधली सोनेरी वचनं धडाधड पाठ असतात. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, सतरावं वचन, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे सात वर्षांचं पोर डोळे मिटून म्हणतं आणि शेजारच्या पोराची वही पायाखाली आली तर उचलत नाही. म्हणून यावेळी ठरवलं की प्रत्येक गोष्टीबरोबर मुलांनी काहीतरी करायचंच. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे बऱ्याच टीचर्स असा प्रयत्न करतात म्हणून नोंदी ठेवतेय, तुमचा वेळ आणि पैसा वाचावा एवढ्यासाठी. नावं कुणाचीच लिहिलेली नाहीत.

१ जून, रविवार

पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलणं झालं. त्यांची एकच अट, उपासनेच्या वेळेत गडबड नको. वर्ग सकाळी पावणेनऊ ते पावणेदहा. त्यातली वीस मिनिटं गोष्ट आणि गाणं, बाकी सगळा वेळ कामाला द्यायचा. व्हीबीएस (सुट्टीतलं बायबल शिबिर) नुकतंच संपलंय त्यामुळं चार्टपेपर, स्केचपेन, डिंक सगळं शिल्लक आहे. खर्चासाठी संडे स्कूलच्या पेटीतून पाचशे रुपये मिळाले.

८ जून, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण)

सुरुवात तक्त्यानं केली. प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढं रकाने, घरी एक चांगलं काम केलं की एक चांदणी, पाच चांदण्या झाल्या की चॉकलेट. चांदण्यांची पाकिटं ६० रुपये, चॉकलेटचा डबा १४०. मुलं एकदम खूष, पालकही खूष, एका आईनं तर तिथंच विचारलं की रोजची पाच कामं केली तर चालतील का.

१५ जून

तक्ता बंद केला. आठवड्यात काय काय झालं ते लिहिते कारण हा तक्ता सगळीकडे वापरला जातो आणि बाहेरून बघायला छान दिसतो.

एक मुलगा म्हणाला मी आजीला पाणी दिलं, लगेच पाच जणांनी आजीला पाणी दिलेलं निघालं, त्यातल्या दोघांना आजी नाहीत. एका मुलीच्या आईनं यादीच लिहून पाठवली होती, अक्षर आईचं, कामंही बहुतेक आईचीच. आणि सगळ्यात लागलं ते हे, की एक पाच वर्षांचा मुलगा रडत बसला कारण त्यानं खरंच भावाला उचलून पायऱ्या चढायला मदत केली होती पण ते त्याला नीट सांगता येईना आणि बाकीचे चांदण्या लावून मोकळे झाले. ज्यानं केलं त्याची चांदणी राहिली आणि खोटं बोलणारे चॉकलेट मागत होते. चांगलं काम मोजायला लागलो की मुलं मोजण्याकडेच बघतात. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय आणि आम्ही ते भिंतीवर टांगत होतो.

उरलेली चॉकलेटं सगळ्यांना वाटून टाकली, कशासाठी ते न सांगता. शाळा उद्यापासून सुरू त्यामुळं पालक दप्तर-वह्यांच्या गडबडीत होते, तक्त्याचं कुणी विचारलं नाही हे बरं झालं.

२२ जून

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, लूक दहावा अध्याय: लुटारू वाटसरूला मारून टाकून जातात, याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) बघून पुढं जातात, आणि परका मानलेला शोमरोनी त्याची मलमपट्टी करतो. नाटक केलं. सगळ्यांना लुटारू व्हायचं होतं. लुटारू सहा झाले आणि वाटसरू एकच, त्याला जरा जास्तच ढकललं, कोपर खरचटलं, डेटॉल लावायला आक्का धावल्या. पुढं कुणी करणार असेल तर लुटारू दोनच ठेवा आणि मारामारी हवेत.

नाटकात एक गोष्ट मात्र लक्षात आली. शोमरोनी झालेला मुलगा जखमी पोराला बँडेज गुंडाळत होता, गुंडाळत होता, तोंडावरूनसुद्धा गुंडाळलं, आणि जखमी पोरगं ओरडतंय की माझं कोपर दुखतंय तोंड नाही. सगळे हसले. पण मी ते लिहून ठेवलं.

वर्गानंतर बिस्किटांचा कार्यक्रम होता. पालकांना आधीच सांगितलं होतं, प्रत्येकानं एकेक पुडा आणायचा आणि चर्चच्या आजूबाजूच्या गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना द्यायचा. मुलं रांगेनं गेली, पुडे दिले, ‘जय ख्रिस्त’ म्हणाली, आम्ही फोटो काढले, ग्रुपवर टाकले, त्यावर भराभर अंगठे आले.

२५ जून, बुधवार

आज बाजारात जाताना त्याच गल्लीतल्या एका आज्जींनी हाक मारली. पुडा परत माझ्या हातात. “बाई, मला साखर हाय. लेकरांनी दिलं म्हणून घेतलं, पण घरात ठेवलं तर हात जातोय.” पुढं म्हणाल्या, “आन् त्यो फोटो तेवढा काढा. माझ्या भावजयनं बघितला, म्हणाली तुमच्यावर बिस्किटं मागायची पाळी आली का.”

फोटो त्याच मिनिटाला काढला. मग संध्याकाळी आक्कांकडे जाऊन बसले. मुलांनी त्या पुड्यात काय केलं होतं? पैसे बापाचे, पुडा आईनं पिशवीत घातलेला, पोरानं फक्त हात पुढं केला. आणि घेणाऱ्याला तो नकोच होता. आक्का शांतपणे म्हणाल्या, आपण त्यांना विचारलं का, काय पाहिजे म्हणून? नाटकातलं ते कोपर आणि तोंड मला लगेच आठवलं.

मग त्यांनी बायबल काढून मार्कचा दहावा अध्याय उघडला. यरीहोच्या बाहेर रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि पहिलं काय करतो तर विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा माणूस उभा आहे, त्याला काय पाहिजे हे कुणालाही कळेल, तरीसुद्धा विचारतो. मी हा उतारा लहानपणापासून ऐकलाय पण त्यातला हा प्रश्न मुलांना कधी करून बघायला लावला नव्हता.

आता पुढचा सगळा प्रकल्प याच प्रश्नावर बांधायचं ठरलं. आधी विचारायचं, मग करायचं. आणि मुलांच्या स्वतःच्या हातानं होईल तेवढंच घ्यायचं, पैसे घालून विकत आणायचं काही नाही. फोटो पूर्ण बंद.

२९ जून

आषाढी एकादशी ६ जुलैला, त्यामुळं आमच्या भागातून पंढरपूर रस्त्यानं पायी दिंड्या जायला लागल्यात. पहिला विचार होता मुलांना मिरज जंक्शनवर न्यायचं, पंढरपूरच्या गाड्यांना गर्दी असते, तिथं पाणी द्यायचं. पण चार वर्षांची पोरं, प्लॅटफॉर्म आणि ती गर्दी, पालक तयार होईनात आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून दिंड्यांच्या वाटेवर एका पालकांचं दुकान आहे त्याच्या कट्ट्यावर थांबलो.

पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत हे ठरलेलं. एक छोटी दिंडी आली, वीस-पंचवीस माणसं, बायका जास्त. मोठ्या गटातल्या एका मुलीला प्रश्न शिकवून ठेवला होता, तिनं पुढच्या बाबांना विचारलं, “आजोबा, आम्ही तुमच्यासाठी काय करू?” ते थांबले. म्हणाले प्यायला पाणी आहे बाळा, पण पायावर जरा गार पाणी घाला, आणि बायकांना घटकाभर बसायला सावली बघा.

दुकानाच्या मागं नळ होता. दोन बादल्या, तीन तांबे, एक घमेलं. मुलं तांब्यानं पाणी घालत होती, चिखल भरलेले पाय, टाचांना भेगा, एका बाईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. तीच चिंधी एका मुलीनं हळूच सोडवून धुवून पिळून परत दिली, कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारे बाबा मात्र पाय पुढं करेनात, लेकरांनी पाय धरायचे नाहीत म्हणाले. आमच्यातला एक मुलगा लगेच बोलला, “पेत्र पण असंच म्हणाला होता.” योहानाचा तेरावा अध्याय, ज्यात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र आधी नको म्हणतो, आम्ही आदल्या रविवारी शेवटी वाचला होता, मला वाटलं होतं कुणाचं लक्ष नाही. बाबांना पेत्र कोण ते माहीत नव्हतं, पण ते हसले, पाय पुढं केले, आणि पाणी घालून झाल्यावर ‘माऊली’ म्हणत वाकून त्या पोराच्याच पायाला हात लावला. पोरगं घाबरून मागं सरलं आणि मग त्यानंही वाकून नमस्कार केला.

खर्च शून्य. वेळ मात्र गेला, उपासना सुरू झाल्यावर आम्ही ओल्या कपड्यांनी पोचलो. पुढच्या वेळी जादा कपड्यांची पिशवी सोबत पाहिजे.

२ जुलै, बुधवार

अपेक्षा होती तसं झालं, मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं की वारकऱ्यांचे पाय आपल्या मुलांनी का धुवायचे. त्यांचा सूर वाईट नव्हता, काळजीचा होता. मी त्यांना एवढंच सांगितलं की प्रभूनं शेजारी कोण हे शिकवताना याजक किंवा लेवी निवडला नाही, शोमरोनी निवडला, ज्याच्याशी यहुदी माणूस बोलतही नव्हता. आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक, जे शेवटच्या काळात इथं शेजारी साताऱ्यात राहिले, ते म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो, मग त्या पुलावरून चालणाऱ्यांच्या पायावर पाणी घालायला काय हरकत आहे. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले पत्रकं वगैरे वाटली नाहीत ना. नाही वाटली. हा नियम मी इथंही ठळक लिहिते: मुलांच्या सेवेबरोबर पत्रक नाही, बॅनर नाही, उपदेश नाही. समोरच्याला वाटलं की पाण्यामागं काही हेतू आहे तर ते पाणी देण्यात अर्थ नाही, आणि मुलंही तेच शिकतील.

१३ जुलै

प्रश्न विचारायचा सराव. हे सोपं वाटतं पण अजिबात नाही. मुलं अनोळखी माणसासमोर गेली की दातखीळ बसते, किंवा पाठ केलेलं वचन म्हटल्यासारखं एका दमात म्हणून पळतात, उत्तर ऐकायला थांबतच नाहीत. म्हणून जोड्या केल्या. एक विचारणार, दुसरा उत्तर ऐकून परत म्हणून दाखवणार. “तुम्हाला अमुक पाहिजे ना?” असं. हे परत म्हणून दाखवणं फार कामाचं निघालं, कारण त्यामुळं ऐकावंच लागतं.

या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील दवाखान्यातच कामाला आहेत, कुणी सिस्टर, कुणी वॉर्डमधे, कुणी लॅबमधे. मिशनरी डॉक्टर वानलेसांनी १८९४ मधे इथं दवाखाना उभा केला तेव्हापासून आमच्या मंडळीतली घरंच्या घरं त्या कामात आहेत. तर सरावाच्या वेळी एक मुलगी म्हणाली, “माझी मम्मी पण पेशंटला आधी विचारते, कुठं दुखतंय. न विचारता इंजेक्शन नाही देत.” माझं अर्ध्या तासाचं शिकवणं तिनं दोन वाक्यात उरकलं. आता वर्गात आम्ही हेच वापरतो.

२० जुलै

आज खरंच विचारायला गेलो. चार ठिकाणी, प्रत्येक जोडीबरोबर एक मोठं माणूस. मिळालेली उत्तरं:

साखर असलेल्या आज्जी वाकळा शिवतात, जुन्या साड्यांच्या, ऑर्डरच्या. डोळ्यात मोतीबिंदू आलाय. “सुईत दोरा ओवून द्या, बाकी काय नको.” एकदा दोरा संपला की सून कामावरून येईपर्यंत त्या नुसत्या बसून राहतात.

चर्चचे वॉचमन काका म्हणाले, रविवारी गेटसमोर गाड्या लावतात त्या लावू नका म्हणून सांगा तुमच्या पप्पांना, ॲम्ब्युलन्स यायची झाली तर रस्ता नाही.

झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, खाऊचे कागद बाकाखाली कोंबू नका.

चौथे एक निवृत्त आजोबा, एकटेच असतात. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, माझ्या मुलाला सांगा फोन कर म्हणून. मुलगा परदेशात. जोडीतला दुसरा मुलगा, ज्याचं काम परत म्हणून दाखवायचं होतं, तो म्हणाला, “तुमच्या मुलानं फोन करायला पाहिजे ना?” आजोबा म्हणाले हो. मग दोघंही मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं आम्ही विचार करतो आणि परत येतो.

चारपैकी एकानंही वस्तू मागितली नाही. हे बघून आक्का म्हणाल्या, आपण उगाच इतकी वर्षं बिस्किटं वाटली.

२७ जुलै

सुईचं काम, पहिला दिवस. सुयांचं पाकीट २० रुपये, मोठ्या नेढ्याच्या बघून घेतल्या, जाड दोऱ्याचं रीळ ४०. आज्जींच्या ओसरीत सतरंजी टाकून बसलो.

काय काय बिघडलं ते क्रमानं. चार-पाच वर्षांच्या मुलांना जमतच नाही, बोटं बसत नाहीत, चिडचिड होते. सहाच्या पुढच्यांना जमतं पण दोऱ्याचं टोक फिसकारतं आणि थुंकी लावून लावून दोरा भिजून लोळागोळा. आम्ही प्रत्येक सुईला हातभर दोरा कापून ओवत होतो, त्या सगळ्या ओवलेल्या सुया एका कापडावर टोचल्या, आणि निघताना कापड उचललं तर सगळ्या दोऱ्यांचा एकच गुंता. अर्धा तास वाया. शिवाय एक सुई कमी भरली. पोरांच्या पायाखाली सुई म्हणजे जिवाला घोर, सगळ्यांना बाहेर काढून सतरंजी झटकली, फरशी चाचपली, शेवटी शेजारच्या इलेक्ट्रिशियननं जुन्या स्पीकरचं चुंबक दिलं, ते फिरवल्यावर सतरंजीच्या शिवणीत सापडली. उपासनेला उशीर झाला आणि पाळकसाहेबांची अट मोडली ती मोडलीच.

एका मुलानं सुई डोळ्यासमोर धरून विचारलं, “यातनं उंट जाणार?” त्याच मार्कच्या दहाव्या अध्यायात ते वचन आहे, श्रीमंत माणसानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. म्हटलं तूच बघ, दोरा जाईना तर उंट कसा जाईल.

३ ऑगस्ट

दुरुस्त्या केल्या आणि आज नीट झालं. ज्यांना करायचंय त्यांनी हे तसंच उचलावं.

सुया मोजून आणायच्या, मोजून न्यायच्या, पांढऱ्या ताटात ठेवायच्या, सतरंजीवर नाही. चुंबक सोबत. छोट्यांकडे सुई नाही, त्यांच्याकडे मेणबत्ती. वेदीवरच्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आणले होते, त्यावरून दोऱ्याचं टोक ओढलं की ताठ होतं आणि फिसकारत नाही, हे काम चार वर्षांचं मूलही मन लावून करतं. मोठे ओवणार.

आणि गुंत्याचा उपाय खुद्द आज्जींनी सांगितला, त्यांच्या सासूबाई करायच्या तसा. दोरा रिळापासून तोडायचाच नाही. रिळाचं टोक घेऊन त्या एकाच दोऱ्यात एकामागून एक पंधरा-वीस सुया ओवायच्या आणि टोकाला गाठ मारायची, गजरा ओवल्यासारखं. आज्जींना सुई लागली की त्या गाठ सोडतात, टोकाकडची एक सुई धरून बाकीच्या मागं रिळाकडे सरकवतात, हातभर दोरा ओढून कापतात आणि उरलेल्याला परत गाठ मारतात. डोळ्यांना काम नाही, सगळं बोटांच्या अंदाजानं. दोन रिळं अशी भरून दिली. पंधरा दिवस पुरतील म्हणाल्या.

आज्जी मुलांना थँक्यू म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक रीळ हातात घेऊन दहा वेळा सुया पुढं-मागं सरकवून बघितल्या आणि एका मुलीला म्हणाल्या, तुझी गाठ ढिली हाय, परत मार. तिनं परत मारली. मला हे फार आवडलं, काम खरं होतं म्हणून तर त्यांनी तपासून घेतलं.

१० ऑगस्ट

गेटचं काम. मुलांनी खडूनं जमिनीवर पट्टे मारले आणि ‘इथं गाडी नको’ लिहिलं, ‘गाडी’तली वेलांटी उलटी पण वाचता येत होतं. मग दोघं-दोघं उभे राहिले. एका कमिटी मेंबरांची गाडी नेहमीप्रमाणे आली आणि नेहमीच्या जागी लागली. सात वर्षांची मुलगी काचेवर टकटक करून म्हणाली, “काका, वॉचमन काकांनी सांगितलंय ॲम्ब्युलन्सला रस्ता पाहिजे.” त्यांना ते आवडलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, उपासनेनंतर माझ्याजवळ बोलूनही दाखवलं की मुलांना मोठ्यांशी असं बोलायला शिकवताय का. मी म्हटलं तिनं काका म्हटलं, कारण सांगितलं, आवाज चढवला नाही, आणि गाडी खरंच रस्त्यात होती. यावर पाळकसाहेब माझ्या बाजूनं उभे राहिले. गाड्या आता पलीकडच्या मोकळ्या जागेत लागतात. पावसानं खडू पुसतो म्हणून ऑइलपेंटचा छोटा डबा आणला, १३० रुपये, हे वॉचमन काकांनी स्वतः रंगवलं.

बाकाखालच्या कागदांचं वेगळं लिहायला नको, एका पिशवीत काम झालं.

२४ ऑगस्ट

गेला आठवडाभर पाऊस आणि कृष्णेचं पाणी, सांगलीतली नातेवाईक मंडळी सामान वर चढवून बसलेली. आमच्या या मुलांपैकी कित्येक २०१९ च्या महापुरानंतर जन्मलेली किंवा तेव्हा पाळण्यातली, त्यांना पूर म्हणजे मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघणारे घरातले मोठे एवढंच माहीत. वर्गाला जेमतेम निम्मी आली. बाहेर जाता येणार नव्हतं म्हणून हाच प्रश्न घरी विचारायला दिला होता, आईला, बाबाला किंवा भावंडाला.

उत्तरं ऐकण्यासारखी. एका आईनं सांगितलं, पाच मिनिटं शांत बस. मुलानं ते करून दाखवलं आणि वर्गात येऊन सांगितलं की पाच मिनिटं खूप मोठी असतात. एकीनं रुमाल-मोज्यांच्या घड्या मागितल्या. एका बाबांनी चिडून विचारलं की तुला काय पाहिजे ते सांग, उगाच गोड बोलू नको, असं मुलगी म्हणाली आणि हिरमुसली. तिला म्हटलं आठवडाभर रोज विचार, काही मागू नकोस. सगळ्यात छोट्यानं धाकट्या बहिणीला विचारलं, ती दीड वर्षांची, ती काही बोललीच नाही, तर तो म्हणे मी तिच्यासमोर बसून राहिलो.

घरी विचारणं हे बाहेर विचारण्यापेक्षा अवघड आहे असं माझं मत झालंय. पुढच्या वर्षी सुरुवात इथूनच करेन, दिंडी आणि सुया नंतर.

७ सप्टेंबर

वर्ग झाला नाही. काल अनंत चतुर्दशी, मिरजेची मिरवणूक म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत चालतेच, रस्ते बंद. हे कॅलेंडर लावतानाच बघायला पाहिजे होतं, निम्म्या पालकांना निरोप मिळालाच नाही आणि ते चालत आले.

या मोकळ्या वेळात आजोबांच्या प्रश्नावर आक्का, पाळकसाहेब आणि मी बसलो. परदेशातल्या मुलाला आपण फोन करायचा का? पाळकसाहेब म्हणाले नाही, ते घरातलं आहे, आपल्याला पूर्ण माहीत नाही, आणि मुलांच्या तोंडून तर अजिबात नको. मग मुलांना काय सांगायचं? ती दर रविवारी विचारतात, आलं का त्यांच्या मुलाचा फोन. त्यांना आम्ही शब्द दिलाय परत येण्याचा. ठरलं असं की जसं आहे तसं सांगायचं, आजोबांनाही आणि मुलांनाही. आमच्याकडून जे होणार नाही ते होईल असं दाखवायचं नाही.

१४ सप्टेंबर

तीच जोडी घेऊन गेलो. मुलाला मी आधी शिकवलं होतं, तो आजोबांना म्हणाला, “आजोबा, तुमच्या मुलाला सांगणं आम्हाला जमणार नाही. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. दुसरं काही करू का?” आजोबा म्हणाले मला ठाऊक होतं बाळा, मी आपलं बोलून गेलो. मग त्यांनी आतून एक कॅरमबोर्ड काढला, धूळ बसलेला, पावडर नाही, एक सोंगटी कमी. सोंगटीच्या जागी बटण ठेवून खेळले. मुलगा हरला, परत एक डाव म्हणाला. मी घड्याळ बघत होते पण उठवलं नाही.

फोन अजून आलेला नाही. मुलं प्रार्थनेत रोज नाव घेतात.

हिशोब: पाचशेपैकी ३९० खर्च झाले, त्यातले २०० चांदण्या आणि चॉकलेटचे जे वाया गेले, म्हणजे खऱ्या कामाला सुया, रीळ आणि रंग मिळून १९० लागले. उरलेल्या ११० मधे कॅरमची पावडर आणि नवीन रीळ.

आज्जींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरतंय. त्यानंतर त्यांना दिसायला लागेल आणि सुया ओवून द्यायची गरज राहणार नाही. एका मुलीनं हे ऐकून तोंड पाडलं, मग आमचं काम? तिला म्हटलं, त्यांना पुन्हा विचारू. तोवर दर दुसऱ्या रविवारी दोन रिळं ठरलेली आहेत, मेणबत्तीचे तुकडे कुणाकडे असतील तर चर्चच्या ऑफिसात देऊन ठेवा.